खातं संयुक्त, जबाबदारी कुणाची?

१५ डिसेंबर २०२४चा रविवार होता. वलवणला डिसेंबरात दुपारीसुद्धा ऊन हवंहवंसं वाटतं, म्हणून आम्ही दोन-तीन पेन्शनर मंडळी माझ्या अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. आत टीव्ही चालू होता आणि त्याचा आवाज खिडकीतून बाहेर येत होता. नागपूरला राजभवनावर नव्या मंत्र्यांचा शपथविधी चालला होता. दहा दिवसांपूर्वी, ५ डिसेंबरला, मुंबईत आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि एकनाथ शिंदे व अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली होती. आता उरलेल्या ३९ जणांची पाळी होती.

शेजारचे ड्रायव्हरकाका (रेल्वेतून निवृत्त झाले तरी आमच्या गल्लीत ते ड्रायव्हरकाकाच) बोटांवर मोजत होते. यादी संपली तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला. ‘‘म्हणजे मावळाला या खेपेलाही काही नाही!’’

आमचे आमदार सुनील शेळके लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून आले होते, त्यामुळे काकांच्या मनात आशा होती. याआधी बाळा भेगडे २०१९च्या जूनमध्ये राज्यमंत्री झाले होते, पण ऑक्टोबरच्या निवडणुकीत ते पडले आणि मावळाचं मंत्रिपद पावसाळ्याबरोबर आलं तसं पावसाळ्याबरोबर गेलं. काकांना ही हळहळ अजून आहे.

तेवढ्यात माझ्या मुलीचा फोन आला. ती नोकरीनिमित्त इटलीत मिलानला असते. तिनंही तिकडे मोबाइलवर शपथविधी पाहिला होता. म्हणाली, ‘‘बाबा, हे तर आमच्या इथल्यासारखंच झालं की! एक मुख्य आणि दोन पक्षांचे दोन उप!’’

तिचं खरं होतं. २२ ऑक्टोबर २०२२ रोजी जॉर्जिया मेलोनी इटलीच्या पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांच्या बरोबर २४ मंत्री होते आणि त्यांत उपपंतप्रधान दोन. एक फोर्झा इटालियाचे अंतोनियो तायानी आणि दुसरे लीग पक्षाचे मात्तेओ साल्विनी. साल्विनी पूर्वी गृहमंत्री होते आणि त्यांना पुन्हा तेच खातं हवं होतं, अशी तेव्हा चर्चा होती. ते काही मिळालं नाही. गृहखातं पियांतेदोसी नावाच्या सनदी अधिकाऱ्याकडे गेलं आणि साल्विनींच्या वाट्याला रस्ते, पूल, वाहतूक आली. आपल्याकडे २०२४च्या डिसेंबरात वर्तमानपत्रांचे पहिले पंधरा-वीस दिवस ‘गृहखातं कुणाकडे’ याच प्रश्नात गेले. ते मुख्यमंत्र्यांकडेच राहिलं. शिंदे यांना नगरविकास, गृहनिर्माण आणि अजित पवार यांना अर्थ व नियोजन मिळालं. वलवण आणि मिलान यांत समुद्र आडवा असला, तरी माणसाचा स्वभाव त्याच्या दोन्ही काठांवर सारखाच.

आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला ‘खातं’ या शब्दाचा मोह सुटत नाही. मराठीत मंत्र्याचंही खातं असतं आणि बँकेतही खातंच असतं. मुलीनं सांगितलं की इटालियन भाषेतही अशीच गंमत आहे. मंत्र्याच्या खात्याला तिथे जो शब्द आहे, तोच खिशातल्या पैशांच्या पाकिटालाही आहे. म्हणजे बिनखात्याचा मंत्री हा तिकडे अक्षरशः बिनपाकिटाचा मंत्री! मला वाटतं, दोन्ही भाषांनी न सांगता बरंच काही सांगून टाकलं आहे.

भागभांडवलाचा हिशेब

इटली १९४६ साली प्रजासत्ताक झालं. तेव्हापासून मेलोनींचं सरकार धरून २०२२पर्यंत तिथे ६८ सरकारं झाली. बहुतेक सगळी आघाडीची. एवढ्या वेळा वाटणी करावी लागल्यावर वाटणीचं शास्त्र तयार होणारच. १९६७च्या सुमारास मासिमिलियानो चेन्चेली नावाच्या, ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षातल्या एका कार्यकर्त्यानं हिशेब मांडला, की कंपनीच्या संचालक मंडळावर ज्याचे जितके शेअर तितक्या त्याच्या जागा, तसंच पक्षात ज्या गटाचे जितके सभासद तितकी त्याची पदं. प्रत्येक पदाला वजन द्यायचं. मोठं खातं, लहान खातं, उपमंत्रिपद, सरकारी महामंडळाचं अध्यक्षपद, आणि मग तराजू बरोबर करायचा. तिकडची वर्तमानपत्रं आजही खातेवाटपाच्या वेळी ‘चेन्चेलीची वही निघाली’ अशा अर्थाचं लिहितात.

हे ऐकल्यावर माझ्यातला बँक ऑफिसर स्वस्थ बसेना. मी जुन्या पासबुकाच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. २०१९च्या निवडणुकीत शिवसेनेचे ५६, राष्ट्रवादीचे ५४ आणि काँग्रेसचे ४४ आमदार आले. २८ नोव्हेंबर २०१९ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांच्याबरोबर प्रत्येक पक्षाच्या दोघांनी शपथ घेतली आणि ३० डिसेंबरच्या विस्तारानंतर मुख्यमंत्री धरून मंत्रिमंडळ ४३ जणांचं झालं. शिवसेना १५ (त्यात तिच्या वाट्यातून दिलेले बच्चू कडूंसारखे तीन मित्रही आले), राष्ट्रवादी १६, काँग्रेस १२. म्हणजे शिवसेनेला पावणेचार आमदारांमागे एक मंत्री, काँग्रेसलाही जवळजवळ तेवढाच, राष्ट्रवादीला थोडा जास्त कारण मुख्यमंत्रिपद दुसऱ्याकडे. विधानसभेचं अध्यक्षपद काँग्रेसला. चेन्चेलीनं पाठीवर थाप मारली असती.

२०२४ला भाजपचे १३२, शिंदे यांच्या शिवसेनेचे ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे ४१. मंत्री अनुक्रमे २०, १२ आणि १०. भाजपला सुमारे साडेसहा आमदारांमागे एक, शिवसेनेला पावणेपाचांमागे एक, राष्ट्रवादीला चारांमागे एक. लहान भागीदाराला त्याच्या भांडवलापेक्षा थोडं जास्त द्यावं लागतं. हा अनुभव जगभरचा आहे. विल्यम गॅमसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९६१ साली मांडलं होतं की भागीदार ज्याच्या त्याच्या बळाच्या प्रमाणात वाटा मागतात. पुढच्या अभ्यासकांना दिसलं की प्रमाण साधारण जमतं, पण काटा लहानाकडे किंचित झुकतो.

आणि ४३ हाच आकडा का, तर २००३ सालच्या ९१व्या घटनादुरुस्तीमुळे. मुख्यमंत्री धरून मंत्री विधानसभेच्या १५ टक्क्यांहून जास्त नकोत. आपल्या विधानसभेत २८८ जागा. त्यांचे १५ टक्के म्हणजे ४३. त्याआधी धरबंध नव्हता. उत्तर प्रदेशात १९९७ साली कल्याणसिंग यांनी आघाडी टिकवण्यासाठी ९३ मंत्री केले होते. बँकेत एका काउंटरला ९३ अधिकारी बसवले तर गिऱ्हाईक कुणाकडे जाईल?

हा सगळा हिशेब मी मोठ्या अभिमानानं ड्रायव्हरकाकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि विचारलं, ‘‘हे ठीक आहे. पण यात आपण कुठल्या रकान्यात?’’

मागचं इंजिन

काकांच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी थोडं मागं जावं लागेल.

आमचे दादा, म्हणजे वडील, रेल्वेतच होते. कर्जतहून लोणावळ्याला गाडी चढवायची तर बोरघाटाचा चढ इतका अवघड की पुढचं एक इंजिन पुरत नाही. कर्जतला गाडीच्या शेपटाला आणखी इंजिनं लावतात आणि लोणावळ्याला आली की सोडतात. या ढकलणाऱ्या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. दादा त्या बँकरवर होते. मी बँकेत लागलो तेव्हा ते सगळ्यांना सांगत, ‘‘आमच्या घरात दुसराही बँकर झाला.’’

१९७८ साली मी अठरा वर्षांचा होतो. त्या वर्षी महाराष्ट्रानं आघाडीचं सरकार पहिल्यांदा पाहिलं, आणि एक नव्हे, सहा महिन्यांच्या आत दोन. फेब्रुवारीच्या निवडणुकीत जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन महिन्यांपूर्वी भांडून वेगळे झालेले काँग्रेसवाले सत्तेसाठी एक झाले. मार्चमध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्राला उपमुख्यमंत्री हा शब्द तेव्हा प्रथम कळला. घटनेत तो शब्दच नाही. कायद्याच्या दृष्टीनं उपमुख्यमंत्री हा एक मंत्रीच. पण तिरपुडे मुख्यमंत्र्यांवर जाहीर टीका करत आणि दादा रेडिओवरच्या बातम्या ऐकून म्हणत, ‘‘मागचं इंजिन उलटं ओढायला लागलं की गाडी चढायची कशी? डबे तुटतील.’’

डबे तुटले. जुलैत शरद पवार बाहेर पडले आणि १८ जुलै १९७८ रोजी ‘पुलोद’चं, पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं. पवार तेव्हा अडतिसाव्या वर्षात होते. एस. एम. जोशी पुलोदचे अध्यक्ष. मंत्रिमंडळात जनसंघातून जनता पक्षात आलेले उत्तमराव पाटील आणि हशू अडवानी, समाजवादी सदानंद वर्दे, निहाल अहमद आणि भाई वैद्य, शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख, आणि काँग्रेसमधून आलेले सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री. ज्यांनी आयुष्यभर एकमेकांविरुद्ध सभा घेतल्या ते एका टेबलाभोवती बसले. आमच्या घरी मोठं नवल वाटलं होतं. आत्या तर म्हणाली, ‘‘या पंगतीला वाढायचं काय? एकाला चालतं ते दुसऱ्याला चालत नाही.’’

तरी पंगत उठेपर्यंत काही पानावर पडलं. रोजगार हमीचा कायदा आधीच्या सरकारच्या काळात, १९७७ साली, झाला होता. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ला, पुलोदच्या वेळी. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ला विधिमंडळात एकमतानं झाला, पण दंगली उसळल्या आणि तो प्रश्न नामविस्ताराच्या रूपानं सुटायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. १७ फेब्रुवारी १९८०ला केंद्रानं पुलोद सरकार बरखास्त केलं.

हे आठवण्याचं कारण असं, की त्या पंक्तीत कुणाची किती ताटं होती हे आज कुणालाही सांगता येणार नाही. एन. डी. पाटील आणि गणपतराव लोकांच्या लक्षात राहिले ते कुणाच्या कोट्यातून मंत्री झाले यासाठी नव्हे.

सही कुणाची?

बँकेत दोघं येऊन संयुक्त खातं उघडतात तेव्हा आम्ही पहिला प्रश्न पैशांचा विचारत नाही. विचारतो तो असा, ‘व्यवहार कुणाच्या सहीनं करायचा? दोघांच्या, की दोघांपैकी कुणाच्याही?’ नवी जोडपी हसून म्हणतात, ‘काहीही लिहा.’ पुढे बिनसलं की तीच जोडपी त्या एका ओळीसाठी मॅनेजरच्या केबिनमध्ये येऊन भांडतात. आघाडी सरकारात मंत्री किती यापेक्षा सही कुणाची हा प्रश्न मोठा.

१९९५ साली शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ मिळून १३८ झाले. बहुमताला १४५ हवे होते. ती तूट अपक्षांनी भरली आणि इंदापूरचे हर्षवर्धन पाटील यांच्यासारखे अपक्ष राज्यमंत्री झाले. १४ मार्च १९९५ला मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहखातं मुंडेंकडे. तिथून एक रीतच पडली : मुख्यमंत्री एकाचा तर पोलीस दुसऱ्याचे.

१९९९ची गोष्ट तर इटलीच्या संदर्भात सांगायलाच हवी. सोनिया गांधी यांचं मूळ इटलीचं, या मुद्द्यावरून शरद पवार काँग्रेसमधून बाहेर पडले आणि १० जून १९९९ला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. निवडणुकीत काँग्रेसला ७५ आणि राष्ट्रवादीला ५८ जागा आल्या, आणि १८ ऑक्टोबरला दोघांचं सरकार झालं. जून ते ऑक्टोबर म्हणजे चार महिने. इटालियन माणसाला यात काहीच विशेष वाटलं नसतं. विलासराव देशमुख मुख्यमंत्री, छगन भुजबळ उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री.

ती आघाडी पंधरा वर्षं टिकली. त्या पंधरा वर्षांत मुख्यमंत्री नेहमी काँग्रेसचा आणि गृह, अर्थ, पाटबंधारे ही तिन्ही खाती सतत राष्ट्रवादीकडे. २००४ला तर राष्ट्रवादीचे ७१ आणि काँग्रेसचे ६९ असं उलटं झालं, तरी राष्ट्रवादीनं मुख्यमंत्रिपद सोडलं आणि खाती वाढवून घेतली. तेव्हा अनेकांना ते कोडं वाटलं. बँकेतल्या माणसाला ते कोडं नव्हतं. चेअरमनची खुर्ची दुसऱ्याला द्यावी आणि चेकबुक आपल्याकडे ठेवावं, असं शहाणपण मी पुष्कळ भागीदारी संस्थांत पाहिलं आहे.

याची चांगली बाजूही आहे, ती नाकारू नये. एकाच्या वहीवर दुसऱ्याची नजर राहते. २०१२ साली पृथ्वीराज चव्हाण यांनी पाटबंधाऱ्यांची श्वेतपत्रिका काढण्याचं जाहीर केलं. खातं मित्रपक्षाचं होतं. सप्टेंबरात अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरात ते पुन्हा मंत्रिमंडळात आले. कोण बरोबर, कोण चूक यात मी जात नाही. पण एकाच पक्षाचं सरकार असतं तर वही उघडायची मागणी मंत्रालयाच्या आतून झाली असती का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आमच्याकडेही इन्स्पेक्शनला दुसऱ्या शाखेचा माणूस पाठवत ते काही उगीच नाही.

आणि आघाड्या बदलल्या म्हणून कामं बुडतातच असंही नाही. आमच्या वलवणजवळून जो एक्स्प्रेस-वे जातो तो युतीच्या काळात, नितीन गडकरी बांधकाम मंत्री असताना सुरू झाला आणि २००२ साली पूर्ण झाला तेव्हा आघाडीचं राज्य होतं. रस्त्याला पक्ष नसतो.

एका पावसाचे दोन मंत्री

मात्र भागीदार वाढले की खात्यांचे तुकडे होतात. बांधकामाचे दोन तुकडे आहेत, ‘सार्वजनिक बांधकाम’ आणि ‘सार्वजनिक बांधकाम (सार्वजनिक उपक्रम)’. २१ डिसेंबर २०२४च्या वाटपात पहिला भाजपच्या शिवेंद्रसिंहराजे भोसले यांच्याकडे गेला, दुसरा एकनाथ शिंदे यांच्याकडे. जलसंपदेचेही दोन भाग. गोदावरी आणि कृष्णा खोरं राधाकृष्ण विखे पाटील यांच्याकडे. विदर्भ, तापी आणि कोकण गिरीश महाजन यांच्याकडे. हे दोघेही एकाच पक्षाचे, म्हणजे तुकडे केवळ मित्रपक्षांसाठीच पडतात असं नाही. सर्वांना बसायला जागा लागते, एवढंच.

आता आमचं ठिकाण पाहा. खंडाळ्याच्या कड्यावर जो पाऊस पडतो, त्यातला पूर्वेकडे वाहणारा इंद्रायणीतून भीमेला, तिथून कृष्णेला जातो. पश्चिमेकडे ओघळणारा कोकणात उतरतो. म्हणजे एका ढगातले दोन थेंब दोन मंत्र्यांच्या खात्यात जमा! त्यातही आमच्या वलवण धरणाचं पाणी टाटांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घाटाखाली खोपोलीच्या वीजघराकडे वळवलं. पूर्वेच्या खात्यातून पश्चिमेच्या खात्यात ट्रान्स्फर एंट्री!

घाट उतरला की रायगड जिल्हा. १८ जानेवारी २०२५ला पालकमंत्र्यांची यादी आली. रायगड आदिती तटकरे यांच्याकडे, नाशिक गिरीश महाजन यांच्याकडे. दुसऱ्याच दिवशी दोन्ही नेमणुकांना स्थगिती मिळाली, कारण मित्रपक्षांत दुसरे दावेदार होते. पालक ठरेना आणि पाल्य मात्र वाट पाहत दारात उभं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण एका जुलैत आमच्या गल्लीत पाणी शिरलं. इथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पाण्याची आम्हाला सवय आहे. पण पूर्वी ते वाहून जायचं. वरच्या अंगाला एक काम झालं, एक मोरी बुजली आणि पाणी ड्रायव्हरकाकांच्या ओट्यावरून आत गेलं. काकूंचं शिलाई मशीन, धान्याचे डबे, मुलीच्या बाळंतपणासाठी शिवून ठेवलेली दुपटी, सगळं चिखलात. रात्री आम्ही त्या दोघांना आमच्याकडे आणलं.

दुसऱ्या दिवसापासून मी अर्ज लिहू लागलो. मला त्याची खोड आहे. पहिल्या कार्यालयानं सांगितलं, मोरी आमची नाही. दुसऱ्यानं सांगितलं, मोरी आमची पण पाणी वरून येतं. तिसऱ्यानं सांगितलं, पाणी आमच्याकडून येत असेल, पण बाहेर काढण्याची जबाबदारी खालच्यांची. तिघेही सभ्यपणे बोलले, एकानं चहाही पाजला. पुढे वर चौकशी केली तर राजकीय मंडळींकडून जवळजवळ एकच वाक्य ऐकायला मिळालं : ‘‘ते खातं आमच्याकडे नाही हो!’’

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. अगदी याच शब्दांत नाही, पण याच अर्थाचं.

गुरुजी

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझी बदली एका तालुक्याच्या गावी झाली होती. तिथे तिघांनी मिळून डाळमिल काढली होती. दोघं व्यापारी, तिसरे शाळामास्तर. गुरुजींचं नाव गावात चांगलं, म्हणून त्यांना भागीदार करून घेतलेलं. कर्जाच्या कागदावर तिघांच्या सह्या होत्या. तीन वर्षांत मिल बसली. एक भागीदार गाव सोडून गेला, दुसऱ्याच्या नावावर काहीच नव्हतं. राहिले गुरुजी, त्यांचा पगार आणि चार एकर जमीन.

नोटीस घेऊन मीच गेलो होतो. गुरुजींनी शांतपणे वाचली आणि म्हणाले, ‘‘साहेब, खरेदी मी पाहत नव्हतो. हिशेबही मी ठेवत नव्हतो. मी फक्त सही केली होती.’’

मला कायदा पाठ होता. १९३२च्या भागीदारी कायद्याप्रमाणे भागीदाराची जबाबदारी संयुक्तही असते आणि एकेकट्याचीही. कोणी काय पाहत होतं हे बँक विचारत नाही. सगळं कर्ज कुठल्याही एकाकडून वसूल करता येतं. मी त्यांना ते समजावून सांगितलं. ते नीट समजले, कारण ते गणित शिकवत. त्यांनी दोन एकर विकले. पैसे भरायला आले तेव्हा पावती नीट घडी करून खिशात ठेवली आणि मला नमस्कार करून गेले. मला त्या वर्षी वसुलीबद्दल शाबासकी मिळाली. मी पुढे कादंबऱ्या लिहिल्या, पण ही गोष्ट कधी लिहिता आली नाही.

आज लिहितो आहे ती अशासाठी, की राज्यघटनेतही जवळजवळ तीच ओळ आहे. अनुच्छेद १६४ सांगतो, की मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असेल. त्यात पक्षाचा उल्लेख नाही, कोट्याचा नाही, कुणाकडे कुठलं खातं याचाही नाही. वाटणी ही सत्तेची असते. जबाबदारीची वाटणी घटनेनं होऊच दिलेली नाही. मग जो नियम एका शाळामास्तराला लावला, तो मंत्र्याला का लावू नये? ‘मी फक्त सही केली होती’ हे गुरुजींचं म्हणणं खरं असूनही आम्ही ऐकलं नाही. ‘ते खातं आमच्याकडे नाही’ हे मात्र आपण सगळे मान डोलावून ऐकतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो.

असं नाही की हा नियम कुणी पाळलाच नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर राष्ट्रवादीचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी राजीनामा दिला. गृहखातं त्यांचं होतं. पण मुख्यमंत्री विलासराव देशमुख काँग्रेसचे असूनही त्यांनाही जावं लागलं. त्यामागे राजकारण किती आणि नीती किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण खातं एकाचं आणि जबाबदारी दोघांची, हे त्या आठवड्यात महाराष्ट्रानं पाहिलं.

आघाडीला माझा विरोध नाही. महाराष्ट्रात १९९० नंतर कुठल्याही एका पक्षाला स्वबळावर बहुमत मिळालेलं नाही, २०२४च्या १३२ जागांनीही ते दिलं नाही. संयुक्त कुटुंबासारखं संयुक्त सरकार हा आपला संसार आहे, तो करायचाच आहे. माझं म्हणणं एवढंच, की शपथविधीच्या दिवशी आपण बोटांवर मंत्री मोजतो, आपल्या तालुक्याला काय, आपल्या जातीला काय, आपल्या पक्षाला काय, तेव्हा आपणही चेन्चेलीच्या वहीचे कारकून होतो. वाटणी त्यांची त्यांना करू दे. वसुलीची नोटीस मात्र आपण सगळ्यांच्या नावे एकच काढावी.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘आमच्याकडे घाटात काही बिघडलं तर पुढचा ड्रायव्हर आणि मागचे ड्रायव्हर सगळ्यांचे जबाब घेत. माझं इंजिन मागं होतं म्हणून मला कुणी घरी पाठवलं नाही. आणि चढताना पुढून शिट्टी आली की मागून उत्तर द्यायचंच. उत्तर नाही आलं तर कळायचं, काहीतरी गडबड आहे.’’

त्या संध्याकाळी मी जुने तीन अर्ज काढले. तिन्ही वेगवेगळे होते, ज्याला जे ऐकायला बरं वाटेल तसे लिहिलेले. ते बाजूला ठेवून एकच नवा लिहिला. वर तिन्ही कार्यालयांची नावं एकाखाली एक घातली, प्रत मुख्यमंत्र्यांना आणि दोन्ही उपमुख्यमंत्र्यांना. मजकुरात मोरी कुणाची याचा उल्लेखच केला नाही. पाणी कुणाच्या घरात शिरलं तेवढंच लिहिलं. खाली काकांची सही घेतली, काकूंची घेतली आणि गल्लीतल्या सगळ्यांची. शेवटी माझी केली.

पोस्टात टाकायला काका स्वतः गेले. पुढच्या पावसाच्या आत मागून शिट्टी येते का, त्याची वाट पाहतो आहोत.